कादंबरीचा सांधा

बाणभट्टाच्या ‘कादंबरी’चा एक जुना इंग्रजी अनुवाद आहे, सी. एम. रिडिंग यांनी केलेला, १८९६ सालचा. त्याच्या शीर्षकपानावरच खुलासा केलेला आहे. बाणाचा ग्रंथ काही भाग गाळून अनुवादित केला आहे आणि त्याच्या मुलानं पुढे लिहिलेल्या भागाचा सारांश दिला आहे. म्हणजे बापाच्या वाट्याला अनुवाद, लेकाच्या वाट्याला सारांश. पुण्याहून वाशीमला जाणाऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये मोबाइलवर हे पुस्तक पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला ही वाटणी रास्तच वाटली होती. आता वाटत नाही.

बाणापर्यंत मी पोचलो तो वाशीममुळेच. आमच्या गावाचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. राजशेखरानं ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न याच वत्सगुल्मात लावून दिलंय, हे मला इंजिनिअरिंग संपल्यावर कळलं. या शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः कवी होता. रुसलेल्या सत्यभामेसाठी कृष्ण स्वर्गातून पारिजात आणतो, त्या कथेवर त्यानं ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य लिहिलं. ते आज हरवलेलं आहे. पुढच्या अलंकारशास्त्रकारांनी उदाहरणादाखल घेतलेल्या सुट्या गाथा तेवढ्या उरल्या. वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेतल्या प्रवरसेनाचं ‘सेतुबंध’ मात्र टिकलं, आणि त्याचं कौतुक बाणानं ‘हर्षचरिता’च्या आरंभी केलंय. ते कौतुक वाचून मी बाणाकडे वळलो.

‘कादंबरी’ हा शब्द आपण मराठी माणसं रोज वापरतो, पण ती मूळची एका नायिकेचं नाव आहे हे बऱ्याचदा विसरतो. आणि ज्या पुस्तकावरून आपण या अख्ख्या साहित्यप्रकाराला नाव दिलं, ते पुस्तक दोन हातांनी लिहिलेलं आहे. सातव्या शतकात, हर्षाच्या दरबारातला बाण ते लिहिता लिहिता गेला. सुमारे दोन तृतीयांश मजकूर झाला होता. उज्जैनचा राजपुत्र चंद्रापीड हेमकूटावर गंधर्वकन्या कादंबरीच्या प्रेमात पडतो, वडिलांचं पत्र आल्यामुळे काही न बोलता परततो. मागे ठेवलेली त्याची तांबूलवाहिनी पत्रलेखा काही दिवसांनी येते आणि कादंबरीची अवस्था सांगू लागते. तिचं हे सांगणं चालू असतानाच बाणाचा मजकूर थांबतो.

तिथून पुढे त्याच्या मुलानं लिहिलं. परंपरा त्याला कधी भूषणभट्ट म्हणते, कधी पुलिंदभट्ट. नावाबद्दलही एकमत नाही, इतका तो वडिलांच्या सावलीत आहे.

यात एक गोष्ट मला आधी विचारात पाडून गेली. बाणाचं ‘हर्षचरित’ही अपुरंच वाटतं. हर्षाला त्याची बहीण राज्यश्री सापडते आणि ग्रंथ थांबतो. ते मात्र मुलानं पूर्ण केलं नाही. कारण उघड असावं असं मला वाटतं. हर्षाचं पुढे काय झालं हे त्या काळच्या वाचकाला ठाऊकच होतं. कादंबरीचं पुढे काय झालं हे फक्त एका माणसाच्या डोक्यात होतं, आणि तो माणूस गेला होता. प्रेमकथा अर्धी राहिली की वाचक बाहेर कुठे जाऊन तिचा शेवट शोधू शकत नाही. म्हणून प्रेमकथांचे पुढचे भाग दुसऱ्यांनी लिहिण्याचा मोह सगळ्या जगात दिसतो. मार्गारेट मिचेल यांच्या ‘गॉन विथ द विंड’ (१९३६) नंतर, त्यांच्या वारसांच्या संमतीनं, अलेक्झांड्रा रिप्ली यांनी १९९१ मध्ये ‘स्कार्लेट’ लिहिली. ती प्रचंड खपली आणि समीक्षकांनी तिला झोडपलं. मूळ लेखिकेनं नायक-नायिकेला जिथे सोडलं होतं तिथून उचलून रिप्लींनी त्यांना पुन्हा एकत्र आणलं. पण मिचेल यांची कथा अपुरी नव्हती, त्यांनी ती तिथेच संपवली होती. बाणाच्या मुलापुढचा प्रश्न वेगळा होता.

त्याचा उत्तरभाग मूळातून वाचायचा मी नंतर प्रयत्न केला. दहावीपर्यंतचं संस्कृत, इंटरनेटवर मिळालेली एक जुनी सटीप आवृत्ती आणि बरेच रविवार एवढ्या भांडवलावर. पहिलेच काही श्लोक वाचून रिडिंगबाईंची वाटणी डोक्यातून ढळली. मुलानं आरंभी शिव-पार्वतीला वंदन केलंय, ते अर्धनारीश्वराच्या रूपाला. दोन अर्धी शरीरं जोडून एक झालेलं, पण जोड कुठे आहे ते दिसत नाही असं ते रूप. ही अवघड उरलेली कथा तडीला जावी म्हणून त्या दोघांना नमस्कार. पुढे तो सांगतो की वडील स्वर्गाला गेले आणि त्यांच्या वाणीबरोबर कथाही तुटली. ती अपुरी राहिल्याचं सज्जनांना दुःख होतं ते पाहून मी हे आरंभलं, कवित्वाच्या घमेंडीनं नव्हे. गंगेत शिरलेल्या इतर नद्याही तिच्याबरोबर समुद्राला पोचतात, तशी माझी वाणी वडिलांच्या प्रवाहात टाकतो आहे. मग थोडा खोडकरपणा. कादंबरी म्हणजे मद्यही. सगळे वाचक त्या मद्यात धुंद आहेत, तेव्हा माझे बेचव शब्द जोडायला मी घाबरत नाही, कुणाच्या लक्षात येणार आहे!

सांधा दिसू नये अशी प्रार्थना करणारा हा माणूस त्याच श्लोकांत सांधा नेमका कुठे आहे ते बोट ठेवून दाखवतो. मला हे फार मोलाचं वाटतं. ‘कुमारसंभवा’शी तुलना करून पाहा. मल्लिनाथाची टीका पहिल्या आठ सर्गांवरच आहे, आणि नऊ ते सतरा हे सर्ग कालिदासाचे नव्हेत असं बहुतेक अभ्यासक मानतात. ज्यानं ते लिहिले त्यानं आपलं नाव सांगितलं नाही. शीर्षकात कुमाराच्या जन्माचं आश्वासन आहे आणि आठवा सर्ग शिव-पार्वतीच्या शृंगारावरच थांबतो, म्हणून त्यानं जन्मही लिहिला, युद्धही लिहिलं. पण कालिदासाच्या नावाखाली. त्याची शिक्षा अशी झाली की त्याचे बरे श्लोकही आज कुणी आपुलकीनं वाचत नाही.

आता मुलाच्या कामाकडे. उत्तरभागात काय घडतं? चंद्रापीडाचा मित्र वैशंपायन अच्छोद सरोवराकाठी मागे राहतो. तपस्विनी महाश्वेतेकडे तो प्रेमयाचना करतो, ती त्याला पोपट होण्याचा शाप देते आणि तो मरून पडतो. ही बातमी ऐकून चंद्रापीडाचं हृदय फुटतं, तोही मरतो. मग उलगडा होतो. महाश्वेतेचा गेलेला प्रियकर पुंडरीक हाच वैशंपायन होता, चंद्रापीड हा प्रत्यक्ष चंद्र होता, आणि पुस्तकाच्या पहिल्या पानांतला शूद्रक राजा आणि त्याच्यापुढे आणलेला पोपट हे त्या दोघांचेच पुढचे जन्म. शेवटी दोन्ही जोडपी एकत्र येतात.

हे सगळं मुलानं रचलं का? बाणाचा भाग पुन्हा वाचला की उत्तर मिळतं. चंद्रापीडाच्या जन्माआधी राजा तारापीडाला स्वप्न पडतं, त्यात पूर्णचंद्र राणीच्या मुखात शिरतो. अमात्य शुकनासाच्या स्वप्नात त्याच्या बायकोच्या मांडीवर पुंडरीक, म्हणजे कमळ, ठेवलं जातं. तिला होणारा मुलगा वैशंपायन. इंद्रायुध घोडा पाहून चंद्रापीडाला वाटतं, हा कुणी शापभ्रष्ट दिव्य जीव असावा. उत्तरभागात तो घोडा पुंडरीकाचा मित्र कपिंजल निघतो. मी पोटासाठी दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचतो. काम सोडून गेलेल्या माणसानं एक नाव जाहीर करून ठेवलेलं असतं आणि ते कुठेच वापरलेलं नसतं. ते काढून टाकायचं की त्याच्या मनात काय होतं ते ओळखायचं, हे मागून येणाऱ्याला ठरवावं लागतं. मुलानं एकही नाव काढून टाकलं नाही.

यातली मला सगळ्यात आवडलेली जागा पोपट घेऊन येणाऱ्या चांडाळकन्येची. बाण तिचं वर्णन करताना नेहमीप्रमाणे उपमांची रांग लावतो. नारायणाच्या आलिंगनात त्याच्या कांतीनं सावळी झालेली लक्ष्मी, मदन जळताना त्याच्या धुरानं काळवंडलेली रती, बलरामाच्या नांगराला भिऊन पळणारी यमुना. वाचक ही रांग वाचतो आणि पुढे जातो. मुलगा थांबला. उत्तरभागात ती चांडाळकन्या खरोखरच लक्ष्मी निघते, पुंडरीकाची आई, मुलाला जपण्यासाठी त्या रूपात आलेली. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त याच कथेचा सांगाडा आहे. तिथे पोपट आणणारी निषादकन्या स्वतःच शापित नायिका असते. म्हणजे इथे आई असणं हा बदल या बाप-लेकांपैकी कुणीतरी केलेला आहे. कुणीही केला असो, उपमांच्या त्या रांगेतून एक उपमा खरी ठरली. वडिलांच्या गद्याचा इतका सावध वाचक दुसरा झाला नसेल.

पण तो लेखक म्हणून बापाच्या बरोबरीचा आहे असं मी म्हणणार नाही. बाण पंपा सरोवराकाठच्या एका शाल्मली वृक्षावर पानं खर्च करतो आणि आपण त्या झाडाखाली बसून राहतो. मुलाला घाई आहे. त्याची माणसं विलाप फार करतात आणि बघतात कमी. कपिंजल सरोवरातून बाहेर येतो आणि शाप-प्रतिशापांचा सगळा हिशेब एका दमात मांडतो, तेव्हा गोष्ट ऐकतोय की खुलासा हेच कळेनासं होतं.

सगळ्यात मोठी खंत पत्रलेखेची. बाणानं राजपुत्राच्या शेजारी एक तरुण मुलगी ठेवली. ती त्याची सावली आहे, सखी आहे, दूत आहे. ती त्याची प्रेयसी मात्र नाही, आणि तिच्या मनात काय आहे ते बाण सांगत नाही. रवींद्रनाथांनी काव्यातल्या उपेक्षित स्त्रियांवरच्या आपल्या निबंधात तिच्या बाजूनं बाणाकडे तक्रार केलीय. मुलाजवळ उत्तर होतं. ही चंद्राची पत्नी रोहिणी, नवऱ्याच्या सेवेसाठी पृथ्वीवर आलेली. हिशेब जुळला, पण पत्रलेखा हरवली. बाणाच्या पानांतली ती बिननावाच्या नात्याची अस्वस्थता मला जास्त खरी वाटते. मागून लिहिणाऱ्याची ही नेहमीची चूक असावी. मोकळ्या सोडलेल्या प्रत्येक जागेला तो राहून गेलेलं काम समजतो.

तरीही उत्तरभागात एक प्रसंग असा आहे की तो बापाच्या भागात शोभला नसता. बाणाच्या महाश्वेतेचा प्रियकर मरतो तेव्हा एक दिव्य पुरुष त्याचं शरीरच आकाशात घेऊन जातो. पुन्हा भेट होईल एवढा शब्द तिच्याजवळ उरतो. ती रिकाम्या हातानं वाट पाहते. मुलाच्या कादंबरीचं तसं नाही. ती सती जायला निघते आणि आकाशवाणी होते, की चंद्रापीडाचं हे शरीर नासणार नाही, तुझ्या हाताच्या स्पर्शानं ते टिकेल. ते जप. मग ती त्या शरीराची रोज सेवा करते. चंद्रापीडाचे आईवडील येतात आणि राज्य सोडून तिथेच रानात राहतात. प्रेम, शृंगार, चंद्रोदय हे सगळं मागे पडतं आणि उरते नुसती राखण. सजीव नाही पण गेलंही नाही, अशा गोष्टीची राखण. वडिलांचं मध्येच तुटलेलं पुस्तक हातात घेऊन बसलेल्या मुलाला हे लिहिता आलं, आणि वसंत येऊन कादंबरी त्या शरीराला मिठी मारते व ते श्वास घेऊ लागतं, तेव्हा मला त्याची घाई क्षम्य वाटली.

त्याच्या आरंभीच्या श्लोकांत बियाण्याचीही उपमा आहे. ज्यांच्या पोटात फळ आधीच आहे असं बी वडिलांनी चांगल्या जमिनीत पेरलं, वाढलंही त्यांच्याच पुण्याईनं, मुलानं फक्त गोळा केलं. मालेगाव तालुक्यात आमचं थोडं शेत आहे. मी आठवीत असताना माझे आबा, म्हणजे आजोबा, श्रावणात गेले. सोयाबीन फुलावर होतं. पेरणी त्यांची होती. निंदण, फवारणी, सोंगणी बाबांनी केली. आबांचे तास एका कोपऱ्यात वाकडे गेले होते, तिथं सोंगणाऱ्या बायाही वाकड्याच सरकत होत्या. बाबांचा हात आबांसारखा नव्हता, उतारा बेताचाच आला. पण घरात त्या पोत्यांना कुणी बाबांचं पीक म्हटलं नाही, आणि बाबांनीही म्हणवून घेतलं नाही. आजही विषय निघाला की ‘आबांचं शेवटचं सोयाबीन’ असंच म्हणतात.

आमच्या वत्सगुल्माच्या सर्वसेनाचं काव्य सुट्या गाथांपुरतं उरलं. ‘कादंबरी’ मात्र आपल्याला पहिल्या पानापासून शेवटच्या मिठीपर्यंत मिळते. ज्याच्यामुळे मिळते त्याचा भाग सारांशावर भागवू नये, एवढंच. बाण वाचून झाला की सांधा ओलांडा आणि पुढे वाचा. फरक लगेच कळेल. तो कळू नये अशी त्याची प्रार्थना होती, पण लपवण्याचा प्रयत्न त्यानं केलेला नाही.