‘हेराक्लीस’ हे नाम आणि कार्ल्याचा यशोवर्धन

मावळातील कार्ले येथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांचे ब्राह्मी लेख आहेत. त्यांतील एका दात्याचे नाव ‘यसवधन’, म्हणजे यशोवर्धन. ग्रीक भाषेत यशाला ‘क्लेओस’ म्हणतात; तेव्हा या नावामागे पेरिक्लीस, सोफोक्लीस यांसारखे एखादे ग्रीक नाव दडले असावे, असे वाटण्याचा मोह अभ्यासकास होतो. तो कितपत ग्राह्य मानावा, हे या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध नामावरून पाहू.

हेराक्लीस म्हणजे ‘हेरेमुळे ज्याची कीर्ती आहे असा’. उत्तरपद ‘क्लेओस’ हे संस्कृत ‘श्रवस्’ या शब्दाचे सख्खे भावंड होय. ग्रीक ककाराच्या जागी संस्कृतात शकार येतो (‘देका’ आणि ‘दश’ पाहावे), लकाराच्या जागी रकार. आणि मधला वकार ग्रीकच्या बहुतेक बोलींत लोपला. म्हणून रचनेच्या दृष्टीने हेराक्लीस हा आपल्या भूरिश्रवसाचा सगोत्र ठरतो.

पूर्वपदाने मात्र प्राचीनांनाही कोड्यात टाकले. ज्या हेरेने त्याचा जन्मभर छळ केला, तिचेच नाव त्याला कसे? डायोडोरस सांगतो की, तिच्या छळामुळेच त्याला कीर्ती लाभली. हे स्पष्टीकरण चतुर खरे, पण मागाहून सुचलेले दिसते. झ्यूसच्या नावावरून डिओक्लीस, तसा हेरेच्या नावावरून हेराक्लीस. त्याच्या कथा टिरिन्सशी निगडित आहेत, आणि तो आर्गोसचा परिसर हेरेच्या उपासनेचे मुख्य स्थान होता. तेथे हे नाव शोभणारेच होते. उकल हवी ती वैराच्या कथेची, नामाची नव्हे. ‘हेरा’ हा शब्द ‘रक्षण’ अर्थाच्या वकारयुक्त धातूपासून काढण्याचा प्रयत्नही, 1952 मध्ये उलगडलेल्या मायसीनी लिपीने दुबळा केला. त्या लिपीत वकार टिकून आहे, आणि देवीच्या नावात तो नाही.

कर्नल टॉडने आपल्या राजस्थानच्या इतिहासात (1829–32) हे नाव ‘हरिकुलेश’ असे फोडले. शूरसेनांकडे हेराक्लीस पूज्य असल्याचे मेगॅस्थेनीसचे कथन त्याच्यापुढे होते. परंतु परकीय देवतेस आपल्या देवाचे नाव देणे निराळे, आणि ते नाव तिच्यापासून निघाले असे म्हणणे निराळे. मेगॅस्थेनीसच्या कित्येक शतके आधी होमरच्या काव्यात हे नाव आलेले आहे. कानाला जे सारखे लागते ते येथे खोटे. जे सारखे लागतच नाही, ते ‘क्लेओस–श्रवस्’ मात्र खरे.

हाच निकष कार्ल्यास लावावा. ‘यशस्’ हा ‘श्रवस्’चा समानार्थी असला तरी सगोत्र नव्हे, आणि ‘वर्धन’ यास ‘-क्लीस’ नामांत जागाच नाही. त्याच चैत्यात सिहधय, म्हणजे सिंहध्वज, हाही धेनुकाकटचाच यवन आहे. त्याच्या नावामागे कोणते ग्रीक नाव शोधणार? स्तंभ सांगतो तो इतकेच, की स्वतःस यवन म्हणविणाऱ्या एका दात्याने हा स्तंभ दिला आणि त्यावर आपले नाव प्राकृतात कोरविले.