पडका वाडा आणि पाण्याची वाट

पनवेलच्या एका शालेय प्रदर्शनात पडक्या लाकडी वाड्याची १:५० प्रमाणातील प्रतिकृती आम्ही पाहिली. हातकाम नीटस होते. परंतु खांब, तुळया, वासे या सर्वांवर एकच करडा रंग फासला होता. आमचा आक्षेप येथेच आहे.

लाकूड करडे पडते ते नुसत्या वयाने नव्हे. उन्हातील अतिनील किरण लाकडातील लिग्निनचे विघटन करतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि पृष्ठभागावर सेल्युलोजचे फिके तंतू उरतात. ओटीच्या आतल्या खांबाला ऊन-पाऊस लागत नाही. तो तपकिरीच हवा. कुजणे ही क्रिया निराळी. ती बुरशीमुळे होते आणि बुरशीला सतत ओल लागते. म्हणून खांब जोत्यापाशी कुजतो, तर वासा फुटक्या कौलाखाली. येथे मात्र कौले शाबूत आणि त्यांखालचे वासे कुजलेले! शिवाय प्रतिकृतीतील अर्ध्या मिलिमीटरची भेग प्रत्यक्षात अडीच सेंटिमीटरांची होते, याचाही विसर पडला होता.

एक गोष्ट मात्र उत्तम साधली होती. व्हिनेगरमध्ये खिळे भिजवलेले पाणी आणि कोऱ्या चहाचा काढा यांतून मुलांनी खिळ्यांखालचे काळे ओघळ काढले होते. खऱ्या लाकडातही लोह आणि टॅनिन यांच्या संयोगानेच तो काळा रंग येतो.

पनवेलचे जुने वाडे एकेक करून पाडले जात आहेत. उद्या अशी प्रतिकृतीच पुरावा ठरेल. तेव्हा शिक्षकांनी प्रत्येक डागाशी थांबून विचारावे : येथे पाणी आले कोठून?