रात्र, छप्पर आणि सोबती

साहित्यातील स्थळांचा विचार करताना आपण घर, रस्ता, नदी, अरण्य यांच्याकडे सहज वळतो. घराचे छप्पर मात्र बहुधा नजरेतून सुटते. वस्तुतः मध्यरात्री, एखाद्या मित्राच्या सोबतीने, निजलेल्या शहराच्या छपरांवरून हिंडणे हा युरोपीय वाङ्मयातील एक स्वतंत्र विषय आहे, आणि त्याची परंपराही जुनी आहे. या लेखनाचे मर्म कशात आहे, आणि ते मराठीत आणावयाचे झाल्यास आपल्या भाषेतील कोणता सूर त्याला मानवेल, हे दोन प्रश्न मला परस्परांपासून वेगळे करता येत नाहीत. भाषांतरकार जेथे शब्दापाशी अडतो, तेथे पुष्कळदा मूळ कृतीचे वैशिष्ट्यच त्याला अडवीत असते.

या परंपरेच्या एका टोकाला ल साज याची १७०७ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘लंगडा सैतान’ ही फ्रेंच कादंबरी आहे. तिची मूळ कल्पना लुईस व्हेलेस दे गेव्हारा या स्पॅनिश लेखकाच्या १६४१ मधील कृतीतून घेतलेली. माद्रिदमधील डॉन क्लेओफास नावाचा विद्यार्थी पाठलाग चुकविण्यासाठी रात्री छपरांवरून पळतो, एका माळ्यावर शिरतो आणि तेथे कुपीत कोंडलेल्या सैतानाला मुक्त करतो. उतराई म्हणून सैतान त्याला एका उंच मनोऱ्यावर नेतो आणि शहरातील घरांची छपरे दूर सारून आतील जग दाखवितो. लोभ, दंभ, व्यभिचार, सारे काही उघडे पडते. उपरोधाची ही युक्ती नामी आहे यात शंका नाही. परंतु मनोऱ्यावर बसल्या क्षणापासून नायकाला कसलेही भय उरत नाही, आणि छप्पर हे केवळ झाकण ठरते. पाहणारा वर आणि पाहिले जाणारे खाली, अशी ही व्यवस्था आहे. सोबतीही उपकाराची फेड करणारा; मित्र नव्हे.

दुसऱ्या टोकाला केंब्रिज विद्यापीठातील छप्परचढाईचे वाङ्मय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेफ्री विन्थ्रॉप यंग या विद्यार्थ्याने ट्रिनिटी महाविद्यालयाच्या छपरांची एक मार्गदर्शिका निनावी प्रसिद्ध केली. पुढे पहिल्या महायुद्धात एक पाय गमावूनही आल्प्समध्ये चढाया करणारा हा गिर्यारोहक. त्याने आल्प्सच्या मार्गदर्शिकांची भाषा जशीच्या तशी उचलून महाविद्यालयाच्या गवाक्षांना आणि धुराड्यांना लावली. त्यानंतर १९३७ मध्ये ‘व्हिपलस्नेथ’ या टोपणनावाने ‘द नाइट क्लाइंबर्स ऑफ केंब्रिज’ हे पुस्तक निघाले. त्यामागील लेखक नोएल सिमिंग्टन होय. चढाई उघडकीस आली तर विद्यापीठातून हकालपट्टी होण्याचे भय असे. टोपणनावाचे कारण हेच.

या पुस्तकात खालच्या घरांत काय चालले आहे याची चौकशी नाही. लक्ष आहे ते दगडावर आणि पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या नळावर. नळ भिंतीपासून किती सुटा आहे, बोटे मागे शिरतील की नाही, कोणता दगड विश्वासार्ह आहे, यांचे विवेचन एखाद्या शास्त्रग्रंथाच्या गांभीर्याने केलेले आहे. गॉनव्हिल आणि कीझ महाविद्यालयाच्या छपरावरून शेजारच्या सीनेट हाउसवर मारावयाची उडी तर प्रसिद्धच आहे. मधले अंतर जमिनीवर कोणीही धडधाकट तरुण सहज ओलांडील एवढेच. परंतु खाली अरुंद गल्लीची खोली आहे. सगळी अडचण त्या खोलीची आहे. हे गांभीर्य लटके आहे हे वाचकाला ठाऊक असते, आणि पडणारा माणूस खरोखर मरेल हेही ठाऊक असते. या दोन जाणिवा एकत्र नांदतात, हे या लेखनाचे खरे यश आहे असे मी समजतो.

मराठीत अडचण पहिल्याच शब्दापाशी येते. छप्पर, कौले, धाबे, माळवद, गच्ची हे आपले शब्द आहेत. परंतु ‘छपरावर चढला’ म्हणताच मराठी वाचकाला पावसाळ्यापूर्वी घर शाकारणारा माणूस दिसतो. ‘गच्चीवर गेला’ म्हटले तर साहस संपूर्ण नाहीसे होते. गच्ची ही आपल्याकडे राहण्याची जागा आहे. तेथे पापड वाळतात, उन्हाळ्यात अंथरुणे पडतात, कोजागरीला मित्रमंडळी दूध आटवून रात्र जागवितात. ‘मेघदूता’तील अलकेतही यक्ष आपल्या स्त्रियांसह हर्म्यतलावर रमतात, आणि उर्दू गझलेत प्रेयसी ‘बामा’वर येते, प्रेमिक गल्लीत उभा राहतो. आमच्या परंपरेत छप्पर घराचाच भाग आहे. युरोपातील उतरत्या छपरावर मात्र पाऊल टाकणे म्हणजेच मर्यादा ओलांडणे.

मग चढाईची भाषा कोठून घ्यावी? कडा, माची, बुरूज, दोर हे शब्द पोवाड्यांनी आपल्या कानी रुजविले आहेत. १६७० मधील कोंढाण्याची रात्र कोणत्या मराठी वाचकाला आठवणार नाही? परंतु ही युद्धाची भाषा आहे. विद्यार्थ्यांच्या निरुपयोगी खेळाला ती चढविली, तर खेळ उगाच वीरश्रीचा आव आणील आणि पोवाड्याचीही थट्टा होईल.

माझ्या मते योग्य सूर आपल्याला शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त सापडतो, देवलांच्या नाटकामुळे तो मराठी रसिकांना अपरिचित नाही. तिसऱ्या अंकातील शर्विलक चारुदत्ताच्या भिंतीपुढे उभा राहून संधिच्छेदाचे शास्त्र आठवितो. भाजक्या विटांची भिंत असेल तर काय करावे, कच्च्या विटांची असेल तर काय, भोकाचा आकार कमळासारखा असावा की चंद्रकोरीसारखा, याची तो रीतसर चर्चा करतो. मापाची दोरी विसरली म्हणून यज्ञोपवीताने माप घेतो. चोरीला शास्त्राचे वस्त्र नेसविणारा हा विनोद आणि नळाला आल्प्सचे कडे मानणारा यंगचा विनोद एकाच जातीचे आहेत. दोघांनाही भिंत हातांनी कळते. आणि भिंतीपलीकडे कोणी जागे झाले तर धडगत नाही, हे दोघेही विसरत नाहीत.

तरीही शर्विलक एकटा आहे, आणि त्याला मदनिकेच्या मुक्ततेसाठी धन हवे आहे. केंब्रिजचे चढणारे काही आणीत नाहीत, आणि सहसा एकटे जात नाहीत. एक वर असतो, दुसरा खाली कानोसा घेत असतो. रात्रीच्या छायाचित्रांसाठी दिव्याचा लखलखाट करणारे हातही मित्रांचेच. आज जगभर तरुण मुले गगनचुंबी इमारतींच्या माथ्यावरून स्वतःची छायाचित्रे अगणित अनोळखी लोकांना दाखवितात, आणि त्यात काहींचे प्राण गेले आहेत. टोपणनावाखाली लिहिणाऱ्याला मात्र टाळी नको होती. काय घडले हे एका सोबत्याला ठाऊक असणे त्याला पुरेसे होते.

हा सोबती मराठीत कसा आणावा? मूळ पुस्तकात कित्येक ठिकाणी वाचकालाच उद्देशून चढाई सांगितली आहे, आणि इंग्रजीला एकच संबोधन पुरते. मराठीला निवड करावी लागते. माझी सूचना अशी की, तंत्राच्या विवेचनात शास्त्रग्रंथांना शोभणारा विध्यर्थच असावा: ‘डावा पाय कडेवर ठेवावा, नळावर भार टाकू नये.’ त्यामुळे लटके गांभीर्य आपोआप साधते. परंतु ज्या जागी शरीर खांबाबाहेर पोकळीत झुकते, तेथे हा विध्यर्थ टाकून ‘तू’वर यावे: ‘आता खाली पाहू नकोस, हात सोडू नकोस.’ तेथे ग्रंथकार बाजूला होतो आणि अंधारात शेजारी उभा असलेला मित्र बोलू लागतो. ‘तुम्ही’ने हे घडणार नाही, आणि ‘आपण’ने भय दोघांत वाटले जाऊन सौम्य होईल. लंगड्या सैतानाने आपल्या विद्यार्थ्याला सारे शहर दाखविले, पण त्याचा हात सुटेल ही काळजी त्याला कधी करावी लागली नाही. मराठी भाषांतरात ती काळजी ऐकू आली पाहिजे.