चेहरे आहेत, नावे कुठे आहेत?

कष्टकऱ्याचा चेहरा चित्रात आला की आपल्या समीक्षकांजवळ 'रांगडा', 'करुण', 'मातीशी नाते सांगणारा' अशी विशेषणे तयार असतात. विशेषण दिले की त्यांचे काम संपते. ज्याचा चेहरा घेतला त्या माणसाचे पुढे काय, हा प्रश्न उपस्थितच होत नाही. दलित साहित्याने तो प्रस्थापित साहित्याला विचारला. तो चित्रालाही विचारला पाहिजे. म्हणून व्हिन्सेंट व्हॅन गॉगची सूर्यफुले बाजूला ठेवून त्याने एका हिवाळ्यात भराभर रंगवलेल्या शेतकऱ्यांच्या लहान लहान चेहऱ्यांविषयी मी लिहीत आहे.

१८८३ च्या डिसेंबरात व्हॅन गॉग नेदरलँड्समधील न्यूनेन या खेड्यात आईवडिलांकडे राहावयास आला. वडील प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक. गाव मात्र बहुतांशी कॅथलिक, विणकरांचे आणि शेतकऱ्यांचे. १८८४-८५ च्या हिवाळ्यात त्याने पन्नास चेहरे रंगवावयाचा संकल्प केला. त्यांपैकी चाळीसच्या आसपास आज ज्ञात आहेत. बहुतेक कॅनव्हास हातभरही उंच नाहीत. झोपडीतला तुटपुंजा उजेड, समोर बसलेली बाई, आणि खालचा रंग ओला असतानाच त्यावर दिलेले जाड फटकारे. बायकांच्या डोक्यावरील पांढरी टोपीसुद्धा येथे पांढरी राहत नाही, धुरकटते.

या घाईला कच्चेपणा म्हणावयाचे काय? व्हान रापार्ड या त्याच्या चित्रकार मित्राने 'बटाटे खाणारे' या चित्राचा शिळाछाप पाहून असाच आक्षेप घेतला आणि त्यांची मैत्री तुटली. मला हा आक्षेप मान्य नाही. ही घाई रोजच्या सरावाची आहे. गवंड्याचा हात भराभर चालतो म्हणून भिंत वाकडी होत नाही. चाळीस वेळा समोर बसून हा मनुष्य गालाचे हाड, दमलेली पापणी आणि मिटलेले ओठ शिकला. त्यानंतरच १८८५ च्या एप्रिल-मे महिन्यांत दिव्याभोवती जेवणारी ती पाच माणसे उभी राहिली. श्रमिकांच्या दारात जाऊन, त्यांना पैसे देऊन तो शिकला, हे त्याचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही.

परंतु सहानुभूतीची मर्यादाही येथेच दिसते. आपल्याला ओबडधोबड, चपटे, अरुंद कपाळाचे आणि जाड ओठांचे चेहरे हवे आहेत, असे तो भावाला लिहितो. म्हणजे चेहरा पाहण्याआधीच चेहऱ्याचा नमुना ठरला! नाकाकपाळावरून माणसाची जात ओळखू पाहणारे शास्त्र आपण भोगले आहे. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकाच्या मोजमापांचाच आधार घेऊन अस्पृश्यांचा वंश वेगळा असल्याचा सिद्धांत खोडून काढला. त्यामुळे असा नमुना समोर आला की आमची नजर सावध होते, आणि तिने सावध झालेच पाहिजे.

या चेहऱ्यांपैकी एक गोर्डिना दे ग्रोट हिचा. 'बटाटे खाणारे' मध्येही ती आहे. १८८५ साली लग्नाविना ती गरोदर राहिली तेव्हा संशय चित्रकारावर आला. त्याने तो नाकारला. कॅथलिक धर्मगुरूने लोकांना चित्रासाठी बसण्यास मनाई केली, न बसणाऱ्यांना पैसे देऊ केले. तुमच्याकडे भीक मागण्यापेक्षा चित्रकाराकडून कमावू, असे उत्तर लोकांनी दिल्याचे व्हॅन गॉगनेच कळवले आहे. हे उत्तर चित्रात नाही. मला मात्र ते चित्राइतकेच मोलाचे वाटते. नमुना म्हणून बसवलेली माणसे येथे स्वतः बोलली.

२०२२ साली स्कॉटलंडच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात अशाच एका चित्राचे क्ष-किरण छायाचित्र घेतले गेले. पाठीमागे, पुठ्ठ्याच्या आणि सरसाच्या थरांखाली, व्हॅन गॉगचे स्वतःचे चित्र असल्याचे आढळले. पैसे वाचवण्यासाठी तो कॅनव्हासच्या दोन्ही बाजू वापरीत असे. जगभर बातमी झाली ती या दडलेल्या चेहऱ्याची. दर्शनी बाजूला जी बाई शतकाहून अधिक काळ समोर पाहत आहे, ती गोर्डिना असावी असे मानले जाते. पण चित्राचे शीर्षक आहे 'शेतकरी बाईचे मस्तक'. मागच्याला नाव आहे, पुढचीला धंदा आहे.

हे लिहिताना माझीही सुटका नाही. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. वस्तीतल्या एका बाईवर मी चार पानांचे व्यक्तिचित्र लिहिले. एका रात्रीत लिहून झाले, कौतुकही झाले. सुट्टीत गावी गेलो तेव्हा ते तिला वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "समदं खरं हाय रं, पन ह्यात माजं नाव कुठं हाय?" मी 'एक मजूर बाई' असे लिहिले होते. आपण स्वानुभवातून लिहितो म्हणून हा दोष आपल्याकडून होणार नाही, असा माझा समज होता. कॉलेजची खुर्ची माणसाला किती लवकर झोपडीबाहेर नेऊन बसवते, हे त्या दिवशी समजले.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: चेहरा लहान असो, घाईत काढलेला असो, त्याने बिघडत नाही. बिघडते ते माणसाचा नमुना झाला की. तिचे नाव मी येथेही लिहीत नाही, कारण ते छापू का, हे अजून तिला विचारलेले नाही. या दिवाळीत विचारणार आहे.