तुंबाडच्या वाड्याचा सातबारा

'तुंबाड' २०२४च्या सप्टेंबरमध्ये थिएटरांत पुन्हा लागला तेव्हा मी तो दुसऱ्यांदा पाहिला. २०१८ साली पहिल्यांदा पाहिला होता तेव्हा घाबरले होते. या वेळी घाबरायला जमलं नाही. कारण मधल्या काळात गुहागरच्या आमच्या घरातलं एक कापडात बांधलेलं दप्तर माझ्याकडे आलं होतं. त्यात दाव्यांच्या नकला, कबुलायती आणि मोडीत लिहिलेल्या याद्या होत्या. ती वाचायची म्हणून खोतीचा कायदा वाचला, मग वारशाचे जुने निकाल वाचले. त्यामुळे पडद्यावर पाऊस कोसळत होता, म्हातारी घोरत होती, आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता: हा वाडा नक्की कुणाच्या नावावर आहे?

प्रश्न वाटतो तितका फालतू नाही. विनायक हा 'सरकारां'चा अनौरस मुलगा. सरकारांचं घर ब्राह्मणी धरलं, तर इंग्रजी अमलातल्या हिंदू कायद्याने विनायकाला काय मिळालं असतं? वारसा नाही. फक्त पोटगी. शूद्र मानलेल्या जातींत अनौरस मुलाला काही अटींवर हिस्सा मिळत असे, वरच्या मानलेल्या तीन वर्णांत नाही. म्हणजे विनायकाला दावा लावून वाडा मिळण्याची शक्यता नव्हती. कोर्टाची पायरी बंद, म्हणून तो गर्भाच्या विहिरीत उतरतो. चित्रपट त्याला लोभ म्हणतो. लोभ आहेच, पण ज्याचं नाव वंशावळीत लिहिलंच जाणार नव्हतं अशा मुलाचा तो लोभ आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी ही गोष्ट ठसवून सांगितलेली नाही. पण आईने एका सुवर्णमुद्रेसाठी वर्षानुवर्षं सरकारांची सेवा करायची, यात ती आहे. ती मुद्रा म्हणजे तिला कधीच न मिळालेली पोटगी.

'तुंबाड' हे नाव ऐकलं की मराठी वाचकाला श्री. ना. पेंडसे आठवतात. चित्रपटाची गोष्ट वेगळी आहे, तिची प्रेरणा नारायण धारपांच्या कथेची सांगितली जाते. पण नाव १९८७च्या 'तुंबाडचे खोत'चं. पेंडसे दापोलीजवळच्या मुर्डीचे. त्यांची ही दोन खंडांची कादंबरी जगबुडीच्या काठावरच्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांची आहे. जगबुडी पुढे वाशिष्ठीला मिळते आणि ते पाणी दाभोळच्या खाडीतून आमच्या अंजनवेलपाशी समुद्राला लागतं. त्यामुळे ही कादंबरी आमच्याकडे जरा घरची असल्यासारखी वाचली जाते. कुणी उग्र माणूस दिसला की 'तुंबाडचा दिसतोय' असं म्हणणारे मी ऐकले आहेत.

घरची म्हणूनच तिच्याशी भांडावंसं वाटतं. पेंडशांना माणसाचा पीळ दिसतो. घराणं का चढलं आणि का बुडालं, याचं उत्तर ते स्वभावात शोधतात: रग, वासना, हट्ट, एखाद्याचं मोठेपण. कादंबरीचं ते बळ आहे. पण दप्तर वाचताना लक्षात आलं की खोत घराण्यातली भांडणं रक्तातून जितकी येतात तितकीच अपूर्णांकातून येतात.

एक हिशेब करून बघा. गावाची खोती सोळा आणे. चार भाऊ, प्रत्येकाला चार आणे. एका भावाला तीन मुलगे: प्रत्येकी एक आणा चार पै. त्यातल्या एकाला दोन मुलगे: प्रत्येकी आठ पै. तीन पिढ्यांत गावाचा चोविसावा हिस्सा. आता खोती म्हणजे शेताचा तुकडा नव्हे, बांध घालून ती वाटता येत नाही. गावाचा सारा सरकारात भरण्याची कबुलायत द्यायची आणि कुळांकडून वसुली करायची, हा तो हक्क. एका वर्षी एकच वहिवाटदार खोत. म्हणून पाळी. हिश्श्याप्रमाणे पाळी लावली तर आठ पैवाल्याला चोवीस वर्षांतून एकदा खोतकी करायला मिळणार. पंचविशीत एकदा, पन्नाशीला एकदा, आणि नशीब असेल तर म्हातारपणी एकदा. त्या एका वर्षात तो कुळांशी कसा वागेल, याचा अंदाज करायला कादंबरीकार लागत नाही.

आता या आठ पैवाल्याला मूलबाळ नाही आणि तो वारला. त्याचा हिस्सा कुणाचा? आमच्या दप्तरातले आणि छापील निकालांतले निम्मे दावे या एका प्रश्नावर उभे आहेत. भाऊ एकत्र असतील तर हिस्सा भावांकडे जाणार आणि बायकोला पोटगी. भाऊ विभक्त झाले असतील तर हिस्सा बायकोकडे, तिच्या हयातीपुरता. म्हणून कोर्ट विचारतं: वाटणी झाली होती का? आणि वाटणीचा कागद बहुतेक वेळा नसतोच. मग साक्षी सुरू होतात. चूल वेगळी होती का? भात एका कणगीत पडे की दोन? श्राद्ध कोण करी? गणपती एक की दोन? दुकानदाराच्या वहीत खातं कुणाच्या नावे?

मला हे वाचताना वाटलं, अरे, ही तर कादंबरी आहे. घरातला इतका बारीक तपशील आपल्या किती कादंबऱ्यांनी टिपलाय? पण फरक आहे. कोर्टाला चूल फक्त एका प्रश्नापुरती हवी. चूल का वेगळी झाली, कोणत्या सणाला, कोण कुणाला काय बोललं, हे त्याला नको. साक्षीदार बाई सांगायला लागते आणि पुढच्याच ओळीत कारकुनाचं वाक्य येतं, तिचं बोलणं संपलेलं असतं. कोर्टाचं दप्तर घरात डोकावतं ते घर मोडल्यावरच. जे भाऊ पन्नास वर्षं गुण्यागोविंदाने राहिले, त्यांचा एकही कागद नाही. त्यामुळे नुसत्या दप्तरावरून घराण्याचा इतिहास लिहिला तर सगळे पूर्वज कजेदलाल निघतात. याउलट कुलवृत्तांत. व्याडेश्वर कुलदैवत असलेली मुंबई-पुण्याची मंडळी दर्शनाला येताना जे जाड पुस्तक बरोबर आणतात, त्यात एकही पूर्वज भांडलेला नसतो. दोन्हींवर अर्धाच विश्वास ठेवावा.

विधवेच्या हातात एक हत्यार होतं: दत्तक. दत्तक घेतला की आठ पैंचा वारस उभा राहणार आणि दिरांची पाळी जाणार. म्हणून तिला दत्तक घेऊ द्यायचा की नाही, यावर घराघरात लढाया झाल्या. एकत्र कुटुंबातल्या विधवेला सासऱ्याची किंवा भाऊबंदांची संमती हवी, असं मुंबई हायकोर्टाने १८७९ साली ठरवलं. संमती कुणाची? ज्यांचं नुकसान होणार त्यांचीच. हे १९३२ साली प्रिव्ही कौन्सिलने बदललं. मधली पन्नासेक वर्षं किती सोवळ्या बायका ओसरीच्या आत बसून त्या संमतीची वाट पाहत राहिल्या असतील! 'तुंबाड'मधल्या साखळीने बांधलेल्या, मरता न येणाऱ्या म्हातारीला मी दुसऱ्यांदा पाहिलं ते या बायका डोक्यात असताना. तिला खाऊ घालायचं, झोपवायचं, पण तिच्याकडचं गुपित काढून घ्यायचं. पोटगीचे हुकूमनामे असेच तर असतात.

१८८० हे साल इथे मजेदार आहे. खोतीचा कायदा त्या वर्षीचा. रत्नागिरीचं इंग्रजी गॅझेटियर त्या वर्षीचं. आणि हिंदू वारशाच्या 'व्यवहारमयूखा'चं भाषांतर छापणारे विश्वनाथ नारायण मंडलिक, दापोलीजवळच्या मुरूडचे आणि खोतांची बाजू हिरिरीने मांडणारे, त्यांचा ग्रंथही त्याच वर्षीचा. गावावर हक्क कुणाचा आणि तो मुलांत कसा वाटायचा, ही दोन्ही उत्तरं एकाच वर्षी, एकाच किनाऱ्याशी नातं असलेल्या कागदांत पक्की होत होती.

त्या कागदांत कुळं आहेत, पण कशी? अर्धेली, तिरधेली, दुपटकरी. माणसाचं नाव म्हणजे तो काय देतो. कायद्याने १८४५च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं सिद्ध करणाऱ्याला कायम कुळाचा हक्क दिला. सिद्ध कशाने करायचं? वसुलीच्या वह्या खोताच्या माजघरात. बोटखतात माझ्या पूर्वजांची नावं वळणदार आहेत, हिश्श्यांसकट. कुळाच्या रकान्यात एकेरी नाव, पुढे जात, पुढे भाताचे मण. भाऊ-भाऊ ज्यासाठी तीन कोर्टं चढले ते हेच मण होते. दाव्यात ते 'उत्पन्न' या एका शब्दात मावतात.

इथे चित्रपटाकडे परत यावं लागतं, कारण माझं त्याच्याशी खरं भांडण इथे आहे. हस्तर हा देवीचा लाडका पोरगा. त्याने सोनं घेतलं, धान्य घेता आलं नाही, म्हणून तो पिठाच्या बाहुलीसाठी वेडा होतो. कल्पना जबरदस्त आहे, आणि खोतीच्या नेमकी उलटी. खोताला सोनं कुठल्या देवीच्या गर्भातून मिळत नव्हतं. त्याच्याकडे धान्य येत होतं, दुसऱ्याने लावलेलं, कापलेलं, झोडलेलं, आणि त्याचं तो नाणं करत होता. चित्रपट संपत्तीचा उगम जमिनीखाली दाखवतो, त्यामुळे जमिनीवरची माणसं त्याला लागतच नाहीत. दोन्ही वेळा शोधूनही मला 'तुंबाड'मध्ये कुळ म्हणता येईल असं माणूस सापडलं नाही. धान्याला भुकेलेला तिथे राक्षस आहे. कोकणात धान्याला भुकेला होता तो ते पिकवणारा.

शेवटी १९४७ येतं आणि वाडा सरकार ताब्यात घेणार म्हणून विनायक हवालदिल होतो. स्वातंत्र्य तिथे एक नोटीस बनून येतं. खोतीच्या बाबतीत ते इतकं अचानक नव्हतं. १९३७च्या सप्टेंबरात डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, १० जानेवारी १९३८ला कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन गेले, आणि कायदा झाला १९४९ साली. विनायक ज्या वर्षांत मुद्रा मोजत होता त्याच वर्षांत हे चाललं होतं. पडद्यावर त्याची चाहूलसुद्धा नाही, आणि पेंडशांच्या वाचकांनाही कादंबरी संपल्यावर आठवतात ती वाड्यातलीच माणसं.

आता सातबारा फोनवर निघतो. आमच्या एका तुकड्याचा मी काढला. क्षेत्र इतकं की त्यावर धड क्रिकेट खेळता येणार नाही, आणि खातेदारांची नावं स्क्रोल करताना अंगठा दुखतो. आणे-पै गेले, सामाईक क्षेत्र आलं. २००५नंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच, त्यामुळे नावांत आता आत्या, त्यांच्या मुली, त्यांच्या सासरची आडनावं. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या गणपतीत हक्कसोडपत्राचा मसुदा पडला. सगळ्या बहिणींनी सही करावी, म्हणजे 'पुढे सोपं जाईल', असा मेसेज. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

धाकट्या आत्याने मला फोन केला. सही करू की नको, हे विचारलंच नाही. म्हणाली, "अगं, हा तुकडा म्हणजे विहिरीकडचा का? त्यात आमच्या लहानपणी एक म्हातारं जोडपं भात लावायचं. त्यांचं नाव काय होतं, तुझ्या कागदांत असेल ना?"

मी सातबारा खाली सरकवला. इतर अधिकाराचा रकाना कोरा होता. मग बोटखताची नक्कल काढली आणि मण सोडून नावं वाचायला सुरुवात केली.