‘स्मृतिचित्रे’ आणि रोजची श्रद्धा

“फादर, रोजच्या धबडग्यात श्रद्धा टिकवायची कशी?” ओझरच्या विमान कारखान्यात पाळ्या करणारी माणसे आम्हांस असे विचारतात, तेव्हा आम्ही त्यांच्या हाती लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ देतो. ग्रंथ प्रॉटेस्टंट घरातला, म्हणून आपल्यापैकी काहीजण त्याकडे केवळ साहित्य म्हणून पाहतात. ते आम्हांस मान्य नाही.

रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षे हाच आमच्या मते ग्रंथाचा गाभा होय. मीठ-साखरही धुऊन घेणाऱ्या पित्याच्या सोवळ्यात, नाशिकजवळच्या जलालपुरात जन्मलेल्या या बाई वादविवादाने बदलल्या नाहीत. पतीकडे परतल्यावरही त्यांनी सोवळे सोडले नाही. जातिभेद देवाने केले की माणसांनी, हा प्रश्न त्यांचा त्यांनाच पडला आणि उत्तर सापडताच त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. मतांतर आधी स्वयंपाकघरात झाले, बाप्तिस्मा नंतर.

टिळक हाती येईल ते देऊन टाकणारे. घर चालवायचे लक्ष्मीबाईंनी. त्या ओढाताणीतही त्यांचा विनोद सुटत नाही, आणि तो बहुतेक स्वतःच्याच फजितीवर असतो. त्यांची स्थिरता आम्हांस तेथेच दिसते. (प्रायश्चित्त संस्कारासाठी बसणारा कोणताही धर्मगुरू हे ओळखील.)

एक उणीव मात्र जाणवते. लक्ष्मीबाईंच्या एकांतातील प्रार्थनेविषयी ग्रंथ फार थोडे बोलतो. १९१९ साली टिळक गेले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे बाईंनी पूर्ण केले. ते ओझे त्यांनी कोणत्या प्रार्थनेच्या बळावर पेलले, हे आम्हांस त्यांच्याच शब्दांत वाचावयाचे होते.