सहा चित्रं, एकही हात नाही

मार्च २०१६मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने लहान मुलांच्या एका सुटकेसवर निकाल दिला. पाच न्यायाधीश, आणि समोर प्रश्न असा की दोन बॅगा एकमेकींसारख्या दिसतात की नाही. पहिली होती 'ट्रंकी'. चार चाकांची, प्लास्टिकची. मुलाने घोड्यावर बसावं तसं वर बसायचं, पुढची शिंगं धरायची आणि आईबाबांनी पट्ट्याने ओढायचं. दुसरी 'किडी केस'. कल्पना तीच, किंमत कमी, शिंगांच्या जागी कुठे किड्याच्या मिशा तर कुठे वाघाचे कान.

ट्रंकी हरली. हायकोर्टाने २०१३ साली तिच्या बाजूने कौल दिला होता, अपील कोर्टाने तो फिरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने अपील कोर्टाचं म्हणणं कायम ठेवलं. कारण नोंदणी कल्पनेची नव्हती, दिसण्याची होती. २००३ साली युरोपात जे डिझाइन नोंदवलं होतं, त्यात कॉम्प्युटरवर काढलेली सहा करडी चित्रं होती. त्या चित्रांतल्या प्राण्याला शिंगं आहेत, अंगावर नक्षी नाही, चाकं अंगापेक्षा वेगळ्या छटेची आहेत; किडी केसचा एकूण ठसा तसा उमटत नाही. न्यायालयाचे अध्यक्ष लॉर्ड न्यूबर्गर यांनी कल्पना नवी आणि हुशारीची आहे हे मान्य केलं, आणि खटला कल्पनेबद्दल नाही हेही सांगितलं.

कायदा म्हणून मला हा निकाल पटतो. पण ती सहा चित्रं बघताना एक गोष्ट खटकत राहिली. एकाही चित्रात वर बसलेलं मूल नाही. पट्टा ओढणारा हातही नाही. न्यायालयाला त्यांची गरज नव्हती, हे उघड आहे. मात्र मुलांना घेऊन विमानाने जाताना केबिनमध्ये न्यायच्या सामानाबद्दल आपण जे काही बघतो, वाचतो आणि विकत घेतो, ते सगळं याच सहा चित्रांसारखं असतं. बॅग जागेवर उभी असताना तिचं मोजमाप होतं. घरातली माणसं तिच्यासोबत चालायला लागली की काय होतं, ते चित्राबाहेर राहतं.

इन्स्टाग्रामवर 'बाळासोबत पहिला विमानप्रवास' असं शोधून बघा. पांढरी चादर, वरून लावलेला कॅमेरा, त्यावर ओळीने मांडलेले डायपर, तीन जोड कपडे, झिपलॉक पिशवीतले वाइप्स, एक मऊ ससा. मग एक टाळी, आणि सगळं सामान चौकोनी पाउचांमध्ये बंद. यातला सल्ला चुकीचा नसतो. जादा टी-शर्ट घ्या, आईबाबांसाठीही एक घ्या, हे शंभर टक्के खरं आहे. ज्याच्या अंगावर बाळाने टेकऑफनंतर दहाव्या मिनिटाला दूध काढलंय, तो यावर वाद घालणार नाही. अडचण कॅमेऱ्याच्या जागेची आहे. वरून बघितलं की बॅग हा फक्त जागेचा प्रश्न उरतो: काय काय मावतं? विमानतळावरचा प्रश्न मात्र वेगळाच असतो: हे कुणाच्या कुठल्या हातात?

एअरलाइनचा हिशोबही वरूनच केलेला. देशांतर्गत प्रवासात नेहमी दिसणारे आकडे ५५ × ३५ × २५ सेंटीमीटर आणि ७ किलो. सीट असलेल्या प्रत्येकाला एक बॅग. दोन मोठे, एक चार वर्षांचा मुलगा आणि मांडीवर बसणारं बाळ म्हणजे तीन सीटा, तीन बॅगा, २१ किलो. कागदावर ऐसपैस आहे. आता हात मोजा. चार. एक बाळाखाली, एक मुलाच्या मनगटावर, एक बोर्डिंग पास दाखवायला मोबाइलवर. उरला एक. सात किलोची परवानगी चार वर्षांच्या मुलालाही आहे, फक्त ते सात किलो त्याने उचलायचे नाहीत.

हे गणित मी घरबसल्या केलेलं नाही. गेल्या डिसेंबरमध्ये ताईसोबत तिच्या दोन मुलांना घेऊन पुण्याहून दिल्लीला गेलो तेव्हा ते झालं. भाऊजी आधीच तिकडे होते. ताईची एक ट्रॉली, माझी सॅक, ताईच्या खांद्याला साडीच्या दुकानातून मिळालेली कापडी पिशवी, आणि भाच्याची बसायची बॅग. ती ट्रंकी नव्हती, ऑनलाइन घेतलेली कुठलीतरी नक्कल होती. (न्यूबर्गर साहेबांच्या निकालाचा लाभार्थी, असं म्हणायला हरकत नाही.)

पण त्या प्रवासाआधी चाकांची गोष्ट सांगायला हवी, कारण आज जी केबिन बॅग आपण गृहीत धरतो ती नक्की कुणासाठी बनली, ते त्यात आहे.

सुटकेसला चाकं लावण्याचं अमेरिकन पेटंट १९७२चं, बर्नार्ड सॅडो यांच्या नावावर. १९७० साली ते बायकोमुलांसोबत अरूबा बेटावरून सुट्टी संपवून परतत होते. दोन्ही हातांत जड सुटकेस. कस्टम्सच्या रांगेत असताना एक कामगार चाकांच्या फळीवरून अवजड मशीन सहज ढकलत नेताना त्यांना दिसला. सॅडोंनी सुटकेसला चार चाकं लावली आणि ओढायला एक पट्टा. दुकानदार आधी घेईनात. पुरुष बायकोच्या बॅगा उचलतो, चाकांची गरजच काय, असं त्यांना वाटायचं. म्हणजे सुरुवात कुटुंबाच्या प्रवासातून झाली आणि पहिला विरोधही कुटुंबाच्या एका कल्पनेतूनच आला.

सॅडोंची बॅग डुगडुगायची, वळणावर कलंडायची. १९८७च्या सुमारास नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे पायलट रॉबर्ट प्लाथ यांनी बॅग उभी केली, खाली दोन चाकं दिली आणि वर आतबाहेर होणारा दांडा. सुरुवातीला ही बॅग विमानातल्या कर्मचाऱ्यांसाठीच होती. टर्मिनलमध्ये भराभर चालणारे पायलट आणि एअर होस्टेस बघून प्रवाशांनी ती मागितली. आज आपल्या सगळ्यांच्या हातात आहे ती हीच बॅग, फार तर दोनाची चार चाकं झालेली. तिची मापं, तिचा दांडा, तिचा वेग, सगळं एका एकट्या, प्रौढ, घाई असलेल्या आणि रस्ता पाठ असलेल्या माणसाचं आहे. त्याचा दुसरा हात मोकळा असतो. त्याच्यामागे कुणी "मामा, शू" म्हणत नसतं.

सॉफ्टवेअरमध्ये अशा वेळी आम्ही म्हणतो, यूजर चुकीचा धरला. कोड नीट चालतो, टेस्ट पास होतात, कारण टेस्टही त्याच यूजरला धरून लिहिलेल्या असतात.

या पार्श्वभूमीवर ट्रंकीचं मला खरोखर कौतुक वाटतं. तिचा निर्माता रॉब लॉ याने कल्पना विद्यार्थी असतानाच मांडली, बाजारात ती २००६ साली आली. रांगेत कंटाळलेलं मूल ही डिझाइनची मुख्य अडचण आहे, हे त्याने ओळखलं. बाकी सगळे बॅगेत काय मावतं ते बघत होते. त्याने बॅगेवर कोण बसतं ते बघितलं. आणि गंमत म्हणजे रूपाने ट्रंकी प्लाथकडे न जाता परत सॅडोकडे जाते: आडवी बॅग, चार चाकं, एक पट्टा.

पण पट्टा हीच तिची मर्यादा. पट्ट्याने फक्त ओढता येतं, थांबवता येत नाही. सपाट फरशीवर मूल खिदळत मागे येतं. एरोब्रिजचा उतार लागला की पट्टा सैल पडतो आणि बॅग मुलासकट तुमच्या टाचांवर येते. दांडा असता तर रोखता आलं असतं, पण मग बॅग मुलाच्या उंचीची राहिली नसती. जिन्यावर तर सगळंच उलटं होतं. विमानतळावरून बसने विमानापाशी सोडलं की शिडी चढताना मूल एका काखेत आणि बॅग दुसऱ्या हातात. मघाशी एका पट्ट्याला बांधलेल्या दोन गोष्टींची आता दोन ओझी. ट्रंकीच्या रिकाम्या बॅगेचंच वजन पावणेदोन किलोच्या आसपास, आणि आत जागा १८ लिटर. म्हणजे ती सामान कमी नेते, मूल जास्त नेते. माझ्या मते हा सौदा योग्य आहे. फक्त 'मूल स्वतःची बॅग स्वतः नेतं' असं तिच्याकडे बघून वाटतं ना, ते खरं नाही. नेतं कोणीतरी मोठंच.

या बॅगेची हाताने झालेली एकच जाहीर परीक्षा मला माहीत आहे. २००६ साली लॉ बीबीसीच्या 'ड्रॅगन्स डेन'मध्ये, म्हणजे आपल्या 'शार्क टँक'च्या थोरल्या भावंडात, गुंतवणूक मागायला गेला. थिओ पाफायटिस या गुंतवणूकदाराने पट्टा जोर लावून ओढला आणि तो बॅगेपासून निघून आला. लॉ रिकाम्या हाताने परतला. प्रसंग क्रूर आहे, टीव्हीसाठी केलेला आहे. तरी मला वाटतं, त्या दिवशी प्रश्न बरोबर ठिकाणी विचारला गेला. पुढे कोर्टात रंगछटांवर जेवढा खल झाला, त्या मानाने पट्ट्यावर फारच कमी बोललं गेलं.

आता पुणे विमानतळ. सुरक्षा तपासणीला आपल्याकडे बायकांची आणि पुरुषांची रांग वेगळी. ताई बाळाला घेऊन तिच्या रांगेत, पडद्याआड. भाचा माझ्यासोबत. सामान पट्ट्यावरून आधीच पलीकडे गेलेलं. लॅपटॉपचा ट्रे माझा, दुधाच्या पाण्याचा थर्मास ताईचा, भाच्याची बॅग उलटी होऊन आलेली, आणि ती सरळ करेपर्यंत तो जागचा हलणार नाही. या दोन मिनिटांत कुटुंब आणि सामान दोन्ही फुटलेलं असतं, आणि एकही रील इथे शूट होत नाही. (होऊही शकत नाही, तिथे शूटिंगला मनाई आहे.)

खरी चूक बोर्डिंग गेटवर झाली, आणि ती माझी. विमान भरलेलं होतं, वरचे कप्पे पुरणार नव्हते, म्हणून गेटवरच्या माणसाने ट्रॉली खाली कार्गोत टाकायला मागितली. त्याने विचारलं, "पॉवर बँक आहे का आत?" बरोबर प्रश्न, लिथियम बॅटरी कार्गोत जाऊ द्यायची नसते. मी तत्परतेने ट्रॉली उघडली, पॉवर बँक काढली, ट्रॉली बंद केली, टॅग लावून घेतला. ताई दोन माणसं मागे बाळाला थोपटत होती. मला फार कार्यक्षम वाटलं.

पावडरचा डबा त्या ट्रॉलीत होता. तापाचं औषधही.

टेकऑफनंतर पाऊण तासाने ताईने विचारलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. एअर होस्टेसने गरम पाणी आणून दिलं. गरम पाणी आमच्याकडेही होतं. ताईला दूध कमी येत होतं, म्हणून तर पावडर. तिने पदराआड घेऊन जमेल तेवढं पाजलं, बाळ थोडा वेळ गप्प झालं आणि मग दिल्ली येईपर्यंत रडलं. मागच्या रांगेतल्या काकांनी हेडफोन लावले, पुढच्या बाईंनी बिस्किट देऊ केलं, नऊ महिन्यांच्या बाळाला क्रीमचं बिस्किट. ताई मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

नंतर मी स्वतःच्या बचावाचा विचार केला, जसा प्रॉडक्शन बंद पडल्यावर करतो. ती ट्रॉली उत्तम भरलेली होती. रीलमध्ये शोभावी अशी. पाउचांवर लेबलं होती. पण लेबलं 'कपडे', 'औषधं', 'खाणं' अशी होती, म्हणजे वस्तूंच्या जातीवार. लागणार होती ती वेळेवार मांडणी: आत्ता लागेल, तासाभरात लागेल, उतरल्यावर लागेल. पहिलं सीटखाली, दुसरं वरच्या कप्प्यात, तिसरं खुशाल कार्गोत. कॉम्प्युटरची मेमरी याच तत्त्वावर चालते आणि त्यावर मी इंटरव्ह्यूमध्ये लोकांना प्रश्न विचारतो, हे लिहायलाही लाज वाटते.

ताईची कापडी पिशवी मात्र त्या दिवशी अंगाला चिकटून राहिली. तिला मापाचा पिंजरा नाही, चाकं नाहीत. मांडीवर ठेवली तर मांडीचा आकार घेते, खांद्यावर असली तरी दोन्ही हात मोकळे. तिच्यात थर्मास होता, लंगोट होते, दुपटं होतं. आमच्या पिढीने तिला बॅग मानायचं सोडलं आणि म्हणून महत्त्वाचा डबा 'नीट' बॅगेत गेला. पिशवीचा उदो उदो करायचा नाही. दोन तासांत खांद्याला तिचा वळ उठतो आणि तो वळ नेहमी आईच्याच खांद्याला असतो. ज्याला सोय म्हणतात, ती पुष्कळदा कुणाच्यातरी खांद्यावरून गेलेली असते.

परतीच्या प्रवासाला ताईने ट्रॉली काउंटरवरच देऊन टाकली. भाच्याच्या बॅगेतल्या गाड्या बाहेर काढल्या, तो ओरडला, आणि तिथे पावडरचा डबा आणि औषध ठेवलं. तिचा तर्क सरळ होता: मूल वर बसलेलं असताना त्याखालची बॅग गेटवर कोणी मागणार नाही. कोणी मागितली नाही. गेटवरच्या मुलीने भाच्याला टाटा केला आणि माझी सॅक कार्गोत पाठवली.

एरोब्रिजचा उतार आला तेव्हा मी पट्टा सोडला, मागे वळून दोन्ही शिंगं धरली आणि वाकून, उलटा चालत, त्याला खाली घेऊन गेलो.